दत्तूचा फोटो आणि पंच्याऐंशीची लेन्स

जानेवारीचा पहिला आठवडा उजाडला की आमच्या घरी रद्दीवाल्याला बंदी असते. वर्षभर साठवलेली वर्तमानपत्रं मी सुतळीने बांधते, गाडीच्या मागच्या सीटवर गठ्ठे रचते आणि नाशिकहून दिंडोरीचा रस्ता धरते. तशी तिकडे रद्दी टेम्पोने येऊन पडते. माझ्या चार गठ्ठ्यांनी बागेतली अर्धी ओळसुद्धा झाकली जात नाही. नवरा दरवर्षी हे मला समजावून सांगतो आणि मी दरवर्षी ऐकून घेते. माहेरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, एवढंच उत्तर माझ्याकडे असतं आणि ते मला पुरतं.

हे दिवस द्राक्षांच्या घडांना कागद लावायचे. मण्यात पाणी उतरायला लागलं, की रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांच्या ओढाताणीत हिरवा मणी गुलाबी पडतो. चवीला तो काही कमी नसतो, पण परदेशी जाणाऱ्या मालात गुलाबी मणी चालत नाही. म्हणून एकेका घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया मांडवाखाली माना वर करून उभ्या असतात, बोलता बोलता त्यांचे हात चालतात आणि एका दिवसात हिरवी बाग पांढऱ्या ठिपक्यांची होऊन जाते. सकाळी दवाने कागद ओले असतात तेव्हा शाईचा वास येतो. दुपारी ते वाळले की वाऱ्यावर सगळी बाग सळसळते. कुठल्या कुठल्या बातम्या, निवडणुका, सोन्याचे भाव, राशिभविष्य, सगळं उलटंसुलटं लटकत असतं. लहानपणी मी आणि माझा भाऊ दत्तू त्या घडांवरच्या बातम्या वाचत ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. मला वाचायची घाई असायची, त्याला कागद वर करून आतला घड बघायची.

त्या बागेत आज पुन्हा उभी राहिले आणि चार वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवला. माझ्या आयुष्यात मी फार काही जिंकलेलं नाही. शाळेत विज्ञान शिकवते, वेळेवर पोर्शन संपवते, त्याबद्दल कुणी हार घालत नाही. पण तो एक जानेवारी मी जिंकला होता, आणि तो आठवला की अजून माझी चाल बदलते.

दत्तू माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि चार वर्षांपासून आम्ही त्याच्यासाठी मुलगी बघत होतो. बघत होतो म्हणजे नकार गोळा करत होतो. चार एकर बाग, स्वतःचं शेततळं, पक्कं घर, एकुलता एक मुलगा, व्यसन म्हणाल तर चहा. मध्यस्थ ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "सगळं चांगलंय हो, पण शेती." ते 'पण' मी इतक्यांदा ऐकलं की पुढचा शब्द ऐकायच्या आधीच फोन ठेवावासा वाटायचा. एका मध्यस्थाने तर उपाय सुचवला. बायोडाटात 'व्यवसाय' असं मोघम लिहा, मुलीकडच्यांसमोर दत्तूने शेतीबद्दल फार बोलू नये, विचारलंच तर 'ॲग्रो बिझनेस' म्हणावं. दत्तू बिचारा तसं करायचा. लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन सतरंजीकडे बघत बसायचा. जे बोलता येतं ते बोलायचं नाही आणि जे बोलायचं ते येत नाही, मग माणूस सतरंजीकडेच बघणार.

मी त्या मुलींना नावं ठेवू शकत नव्हते, हेही सांगून टाकते. माझ्या लग्नाच्या वेळी मीच नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, बजावलं होतं की मला शेतकरी नको. डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या औषधाने पिवळे झालेले आईचे हात बघत मोठी झाले होते. अवकाळीच्या ढगाकडे बघत सगळं घर गप्प बसतं ते पाहिलं होतं. मला नळाचं पाणी आणि महिन्याचा पगार हवा होता, तो मिळाला. दत्तू तेव्हा लहान होता, त्याने फक्त विचारलं होतं, "ताई, आपल्यात काय वाईट हाय?" त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. वीस वर्षांनी तेच उत्तर जग त्याला रोज देत होतं, म्हणून माझा जीव जास्त तुटत होता.

त्यात त्याचे फोटो. लग्नासाठी पाठवायचा पहिला फोटो स्टुडिओतला होता. कुणाचा तरी ब्लेझर, खांदे दोन बोटं मोठे, मागे बर्फाचे डोंगर. दत्तूने बर्फ फक्त आईस्क्रीमच्या गाडीवर पाहिलेला. दुसरा फोटो नानांनी मोबाइलवर स्वतः काढला. त्यात बाग, फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर, शेततळ्याचा काठ, घराची गच्ची, पाण्याची टाकी, सगळं लख्ख. मण्याला मणी मोजून घ्यावा इतकं लख्ख. दत्तू डाव्या कोपऱ्यात होता, सातबाऱ्याबरोबर जोडल्यासारखा. तिसरा फोटो चुलत भाच्याने नव्या मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडवर काढला. मागचं सगळं पुसलं गेलं खरं, पण त्याबरोबर दत्तूचा उजवा कानही गेला. फोनला कान आणि द्राक्षाचं पान यांतला फरक कळला नव्हता. तो फोटो बघून दत्तू मनापासून हसला, आणि मला वाटलं, हा असा हसतो हे आजवर एकाही मुलीने पाहिलेलं नाही. पंचवीस घरांनी नकार दिला होता तो बागेला, ट्रॅक्टरला, ब्लेझरला. माझ्या भावाला अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं की दत्तूचा फोटो मी काढणार, आणि त्यात दत्तू दिसणार.

घरात नवऱ्याचा एक जुना कॅमेरा होता, कुठल्याशा सहलीसाठी घेतलेला, सोबत आलेल्या साध्या लेन्ससह. मी सराव म्हणून नवऱ्याचे फोटो काढले. त्याच्यामागे गॅलरीतल्या दोरीवरचे टॉवेल त्याच्याइतकेच स्पष्ट आले. दहावीला मी दरवर्षी भिंगांचा धडा शिकवते. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर, किरणाकृती, फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. पण चेहरा स्पष्ट आणि मागचं विरघळलेलं कसं आणायचं, हे त्या धड्यात नव्हतं. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मेन रोडच्या एका गल्लीत जुने कॅमेरे विकणाऱ्या रफिकभाईंच्या दुकानात गेले.

मी पाठ करून गेले होते. इंटरनेटवर सगळे सांगत होते, पन्नासची लेन्स घ्या, हलकी असते, स्वस्त असते, शिकणाऱ्याला तीच बरी. मी तीच मागितली. रफिकभाईंनी कपाट उघडलं नाही.

"मॅडम, आधी सांगा, फोटो कुणाचा काढायचा?"

"भावाचा. लग्नासाठी."

"भाऊ कॅमेऱ्यासमोर लाजतो का?"

"फार."

"मग पन्नास नको. पन्नासला तुम्ही एकदम त्याच्या नाकासमोर उभ्या राहणार. तो मान आखडून घेणार. पंच्याऐंशी घ्या. दहा फूट लांब उभ्या राहा, गप्पा मारा. त्याला वाटेल ताई लांब आहे, आणि तुमच्याकडे चेहरा जवळ येईल."

मी थक्क झाले. इतकी वर्षं नाभीय अंतर शिकवते, पण लाजाळू माणसासाठी किती मिलिमीटर लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी विज्ञानाची बाई, सहज कशी ऐकणार. मी म्हटलं, धूसरपणा तर दोन्हींत येतो, भिंगाचं तोंड मोठं उघडलं की झालं.

"ब्लर एकटी लेन्स नाही करत," ते म्हणाले, "अंतर करतं. माणूस तुमच्याजवळ पाहिजे आणि त्याची पाठ लांब पाहिजे. भिंतीला टेकवून उभा केला तर लाखाची लेन्स पण काही करणार नाही. भावाच्या मागे काय आहे?"

"द्राक्षाची बाग."

"किती लांबपर्यंत?"

"दिसेल तिथपर्यंत."

"मग झालं काम," म्हणून त्यांनी कपाट उघडलं.

दुकानाच्या पायरीवर त्यांना उभं करून मी तीन लेन्सनी तीन फोटो काढले. मागे रस्त्यापलीकडे केळ्यांची गाडी होती. आधीच्या लेन्समध्ये गाडी, केळी, केळीवाला आणि त्याच्या मागची दुकानाची पाटी, सगळे रफिकभाईंच्या डोक्यावर बसले होते. पन्नासमध्ये पाटीवरची अक्षरं विरघळली. पंच्याऐंशीमध्ये गाडीचा नुसता पिवळा रंग उरला, आणि त्या पिवळ्यापुढे एक माणूस उभा होता. भुवईवर जुनी खोक, एका बाजूची दाढी दुसरीपेक्षा पांढरी, डोळ्यांत थोडी चेष्टा. मी त्यांच्याशी पाऊण तास बोलत होते, पण त्यांचा चेहरा मी त्या फोटोत पहिल्यांदा पाहिला. त्यांनीही पाहिला, मग म्हणाले, "हा मला पाठवून द्या मॅडम. एवढी वर्षं कॅमेरे विकतोय, माझाच फोटो नाही."

लेन्स घेऊन घरी आले तेव्हा नवऱ्याने ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे ज्या लेन्समधून कमी दिसतं ती महाग?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग माझा चष्मा विकायला काढू का?"

पुढच्या रविवारी दिंडोरीला पोचले तर नानांनी ट्रॅक्टर धुऊन, पुसून, बागेच्या तोंडाशी आणून उभा केला होता. वरून दत्तूला इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी दत्तूला मांडवाखाली नेलं, सावली छान होती. दोन तास खपून शंभरेक फोटो काढले आणि घरात येऊन बघते तर पानांमधून गाळून आलेल्या उजेडाने दत्तू गळ्यापासून कपाळापर्यंत हिरवा झालेला. ज्या दहाबारांत तो हिरवा नव्हता त्यांत कान स्पष्ट आणि डोळे धूसर. भिंगाचं तोंड इतकं उघडलेलं असतं की स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम दोन बोटांची उरते, आणि माझी दोन बोटं प्रत्येक वेळी कानावर पडली होती. उरलेल्यांत तो आधार कार्डावरच्यासारखा बघत होता. नाना म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरांना भिंग शिकवता म्हणं." मी चहा न पिता परत निघाले. इतका राग आला होता की त्र्यंबक रोडला लागेपर्यंत गाडीत स्वतःशीच भांडत होते.

पण त्या आठवड्यात मी शिकले. शाळेच्या मैदानावर शिपाईमामांना उभं करून डोळ्यावर नेम धरायचा सराव केला, तोंड किती उघडायचं आणि किती मिटायचं ते वहीत लिहून काढलं. दहावीच्या मुली खिडकीतून बघून हसायच्या. मी हसू दिलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी दत्तूला मांडवाच्या कडेला, जिथे पानांची सावली संपून उघडा उजेड सुरू होतो तिथे बसवलं. द्राक्षाचं रिकामं कॅरेट पालथं घालून त्यावर. इस्त्रीचा शर्ट काढायला लावून रोजचा निळा घालायला लावला. त्याच्या मागे ओळ लांबच लांब गेलेली होती, आणि आदल्या दोन दिवसांत तिला कागद लागले होते. डावीकडच्या काही ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. ट्रॅक्टर मी नानांना हात जोडून हलवायला लावला. दव अजून वाळलं नव्हतं, कुठूनतरी गंधकाच्या फवाऱ्याचा वास येत होता, लांब कुणाचा तरी ब्लोअर घुमत होता. मी दहा फुटांवर गेले. दत्तू पुन्हा आखडला.

मग मला खरोखरच पडलेला प्रश्न मी विचारला. कागद लावल्यावर आत अंधार होतो, तर घड पिकतो कसा?

"ताई, तू सायन्स शिकवतीस ना?" तो म्हणाला. "साखर घड नाय करत, पान करतं. घड नुसता बसून खातो." आणि मग तो सुटलाच. कुठलं पान घडाला पोसतं, एका घडामागं किती पानं ठेवायची, मणी टपोरा व्हायला काय लागतं. हात हलवत, मधेच मागे वळून घडाकडे बोट दाखवत. परत माझ्याकडे वळला तेव्हा वाक्य अजून अर्धं तोंडात होतं, आणि मला इतकं साधं कळत नाही याचं हसू डोळ्यांत होतं. मी दाबलं.

तो फोटो मी तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि मला रडू आलं. कपाळावर टोपीची रेघ, वर गोरं, खाली रापलेलं. थंडीने फुटलेले ओठ. एकेक पापणी वेगळी. आणि मागे सगळं हिरवं विरघळून गेलेलं, त्यात पांढरे मऊ गोल तरंगत होते. असा देखणा माणूस तेहतीस वर्षं आमच्या घरात राहतो आणि आम्ही त्याला बर्फाच्या डोंगरापुढे उभा करतो, याची मला लाज वाटली.

नानांनी फोटो पाहिला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"बाग कुठं गेली?"

"आहे ना मागे. ती धूसर केलीय."

"धूसर? एवढा मांडव उभा करायला माझी हाडं झिजली आन् तू पुसून टाकला? पोरीचा बाप फोटोत पोरगा बघत नाय. मागचं बघतो."

"चार वर्षं मागचंच बघतायत नाना," मी म्हटलं, "आणि मागचं बघूनच नाही म्हणतायत."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. आमच्या नानांची परवानगी अशीच असते. नाशिकला येऊन मी बायोडाटाही नव्याने लिहिला. 'व्यवसाय' काढून पहिल्याच ओळीत 'द्राक्षशेती, चार एकर' असं लिहिलं, खाली माझा नंबर दिला, आणि फोटोसकट सगळ्या वधू-वर ग्रुपांवर टाकून दिलं.

फोन यायला लागले, हे मान्य करायला हवं. चार वर्षांत आले नव्हते तितके आठवड्यात आले. आणि प्रत्येक फोनला माझा जीव थोडा थोडा खाली जाऊ लागला. एका बाईंनी विचारलं, फोटो कुठल्या लॉनवर काढलाय, लाइटिंग फार छान आहे. दुसऱ्यांना वाटलं मुलगा पुण्यात असतो. तिसऱ्यांनी तर डेकोरेशनवाल्याचा नंबर मागितला. पहिली ओळ कुणी वाचलेलीच नसायची. मी सांगायचे की त्या लाइटी नाहीत, ते द्राक्षाच्या घडांना लावलेले वर्तमानपत्राचे कागद आहेत, मुलगा शेतकरी आहे. पलीकडून मग तेच जुनं 'पण'.

आठवड्याभरात मला वाटायला लागलं, मी त्या मध्यस्थापेक्षा वेगळं काय केलं? त्याने शेती शब्दांत लपवली, मी भिंगात. दहावीच्या वर्गात धूसर प्रतिमेची आकृती काढताना हात थांबायचा. मुलींना वाटायचं बाई विसरल्या. बाईंना एवढंच कळत नव्हतं की भावाला पुढे आणताना त्याच्या पाठीमागचं आयुष्य आपण पुसलं तर नाही ना. तो फोटो काढून टाकावा असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तो उघडला, दत्तू माझ्याकडे बघून हसला आणि मी फोन बंद केला.

मग एका दुपारी, सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले असताना, अनोळखी नंबर आला.

"तुम्ही दत्तात्रयच्या बहीण का? मी अश्विनी. आम्ही सटाण्याकडचे, मी नाशिकला माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. बायोडाटा बघितला. एक विचारायचं होतं. फोटोत मागे ते पांढरे गोल आहेत, ते कागद आहेत ना?"

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. "हो. कागदच आहेत."

"मला वाटलंच. आई म्हणते लाइटी आहेत. म्हणजे छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला धरली असेल. आणि डाव्या बाजूला गोल नाहीत, तिथे हिरवंही जरा कच्चं दिसतंय. तिकडच्या ओळी मागे राहिल्यात का?"

मी तिला थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवरून दत्तूला विचारलं. तो म्हणाला, हो, मजूर कमी पडले म्हणून डावीकडच्या पाच ओळींची छाटणी आठ दिवस उशिरा झाली होती. मग एकदम सावध होऊन म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

काय आनंद झाला मला, तो लिहून दाखवता येणार नाही. रफिकभाईंची लेन्स, माझा सगळा सराव, भिंगाचं उघडलेलं तोंड, एवढं करून मी जे विरघळवलं होतं ते या मुलीने नुसत्या रंगावरून वाचून काढलं होतं. शेतीत वाढलेल्या डोळ्यांपासून बाग लपवणं कुठल्याच भिंगाला जमणारं नव्हतं. मी काही पुसलं नव्हतं. ज्यांना ओळखता येत नव्हतं त्यांना ते लॉन दिसलं, इतकंच.

"तुम्हाला शेतकरी चालेल?" मी विचारलं. विचारताना माझाच आवाज चोरट्यासारखा झाला.

"आमची पण बागच आहे. अर्ली. आमचा माल डिसेंबरलाच निघून गेला," ती म्हणाली. "आत्तापर्यंत तिघांनी मला बिझनेस सांगितला आणि घरी गेल्यावर शेती निघाली. शेतीला माझी ना नाही ताई. लपवणाऱ्याला आहे. तुमच्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय." मग म्हणाली, "आणि माणूस बोलत असताना फोटो काढलाय ना? काय बोलत होते ते ऐकायचंय."

रीतीप्रमाणे आम्ही मुलगी बघायला सटाण्याला जायचं. तिने निरोप पाठवला की पोहे मागाहून, आधी बाग. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. मुलगी स्वतः मुलाचं शेत बघायला येते हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. पण पाहुणे आले, अश्विनीचे वडील गाडीतून उतरले, मांडवाकडे बघत कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "हाऊ बाग तुमनाच शे ना?" आणि नानांचा चेहरा उजळला. चार वर्षांनी कुणीतरी त्यांना हवा तो प्रश्न विचारला होता. मग त्यांनी पाहुण्यांना सगळं दाखवलं, शेततळं, ठिबकच्या नळ्या, ब्लोअर, गच्चीवरची टाकीसुद्धा.

अश्विनी पायात बूट घालून आली होती. ओल्या ओळीत ती थेट आत शिरली, एका घडाचा कागद अलगद वर केला आणि आत बघितलं.

"मणी दाट राहिलेत," ती म्हणाली. "विरळणी घाईत केलीय."

आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. दत्तू नेहमीप्रमाणे खाली बघत होता, पण खाली आता सतरंजी नव्हती, त्याचीच माती होती. त्याने मान वर केली.

"घाईत नाय केली. मजूर चार दिवस उशिरा आले, तोवर मणी फुगला. त्याच्यावर कात्री चालवली असती तर शेजारच्या मण्याला डाग पडला असता."

"मग डिपिंग पुढे ढकलायचं होतं."

"थंडी पडली होती. पुढं ढकलून घड खुजा राहिला असता."

"पानाचं देठ लॅबमध्ये तपासलं होतं का?"

"तपासलं ना. रिपोर्ट दाखवू?"

तो रिपोर्ट आणायला घरात पळत गेला आणि पळत आला. मग ती दोघं ओळीतून चालत, थांबत, कागद वर करत, भांडत भांडत दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून तशीच परत आली. पाऊण तास तरी झाला असेल. चार वर्षांत पंचवीस घरांत मिळून दत्तू जितका बोलला नसेल तितका तो त्या एका ओळीत बोलला. मी, आई, नाना आणि अश्विनीचे वडील ओळीच्या तोंडाशी उभे राहून बघत होतो. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, त्यावर पंच्याऐंशीची लेन्स लावलेली होती, आणि तिला हात लावायचं मला सुचलंही नाही.

दोघं परत आली तेव्हा अश्विनीच्या बुटांना चिखल लागला होता आणि दत्तूचा आवाज बसला होता. तिच्या वडिलांनी घसा खाकरला. मध्यस्थ असता तर इथे त्याने चार वाक्यं टाकली असती, पण मध्यस्थ नव्हता. त्यांनी लेकीला सरळच विचारलं, काय म्हणतेस.

"माझं ठरलं," ती म्हणाली. "आता यांना विचारा."

चार वर्षांत हा प्रश्न दत्तूपर्यंत कधी पोचलाच नव्हता. प्रत्येक वेळी विचारणारे दुसरे होते, ठरवणारे दुसरे होते, त्याच्या वाट्याला फक्त निरोप यायचा. मुलगी तुला आवडली का, हे आम्हीही त्याला कधी विचारलं नव्हतं. नकारच येणार हे धरून चाललो होतो, मग विचारून करायचं काय. अश्विनीचे वडील त्याच्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "काय हो, तुम्हाला पसंत आहे का?"

दत्तूने नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही खूण केली नाही. हातातला रिपोर्ट त्याने घडी घालून खिशात ठेवला.

"हाय," तो म्हणाला. "पसंत हाय."

आणि मग, कुणी पुढचं काही विचारलेलं नसताना, बसलेल्या आवाजात पण अगदी स्पष्ट, तो पुन्हा म्हणाला, "लय पसंत हाय."